हिरीतला दगड, पेटीतला हिरा

प्रश्न : मी केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शिष्यवृत्तीच्या तयारीत मुलांकडून 'किंबर्ली : हिरे' ही जोडी पाठ करून घेतो. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, ती खाण कुणाची?" मी डी बिअर्स कंपनीचं नाव सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मग सगळ्या जगाचे हिरे एकट्या कंपनीकडे कसे गेले?" मला उत्तर देता आलं नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर गेलेत, ती आजीजवळ राहते. तुम्ही मुंबईला हिऱ्यांत काम केलंय, म्हणून विचारतो. – एक शिक्षक, केज

उत्तर : सर, हा प्रश्न मला स्वतःला पडायला चार वर्षं लागली होती. १९८६ मध्ये मी ऑपेरा हाउसच्या एका पेढीत असॉर्टिंगला लागले. लग्न होऊन अंबाजोगाईहून मुंबईला गेले होते, तोवर हिरा हातात धरलेला नव्हता. पांढऱ्या कागदावर माल ओतायचा, चिमट्यानं एकेक खडा उचलायचा, आयग्लासातून बघायचा आणि ज्याच्या त्याच्या ढिगात टाकायचा. रंग, डाग, आकार. संध्याकाळी मान वर होत नसे. सव्वा महिन्यानं एखाद्या सकाळी पेढीतली बडबड थांबे, शेठ आतलं दार लावून घेत आणि कुणीतरी हळूच म्हणे, "साइट आली."

साइट म्हणजे डी बिअर्सची विक्री. वर्षातून दहा वेळा, तेव्हा लंडनला. कंपनीनं निवडलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांनाच बोलावणं असे. प्रत्येकाच्या नावाची कच्च्या हिऱ्यांची पेटी आधीच भरून ठेवलेली असे. आत काय घालायचं ते कंपनी ठरवी, किंमतही तीच सांगे. घासाघीस नाही. घ्यायची तर अख्खी पेटी घ्या, नाहीतर ठेवून जा. ठेवून जाणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावणं येईलच याची खात्री नसे. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझे वडील आठवले. ते तुरीची पोती मोंढ्यात नेत. आडतीवर माल ओतला की ते बाजूला उभे राहत आणि भाव दुसरेच बोलत. मोंढ्यात भाव घेणारा ठरवतो, साइटला तो विकणारा ठरवत होता. समोर घेणारे कोट्यधीश, तरी ते गप्प. एका विक्रेत्याकडे एवढी ताकद आली कुठून? तुमची विद्यार्थिनी हेच विचारते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हिरा हजारो वर्षं मुख्यतः आपल्या देशातून जगाला जात होता. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये तो सापडला. मग १८६६ च्या सुमाराला दक्षिण आफ्रिकेत, ऑरेंज नदीच्या काठी होपटाउनजवळ, एका शेतकऱ्याच्या पोराला खेळताना चकाकणारा खडा मिळाला. तो २१ कॅरेटचा हिरा निघाला. पाच वर्षांनी, १८७१ मध्ये, डी बिअर आडनावाच्या दोन भावांच्या शेतात हिरे लागले. खोदणाऱ्यांचे लोंढे आले. भावांना शेत राखणं अशक्य झालं. त्यांनी ते सहा हजारांहून थोड्या जास्त पौंडांना विकलं आणि निघून गेले. त्या एका शेतात पुढे दोन मोठ्या खाणी निघाल्या, आणि तिथं वसलेलं गाव म्हणजेच तुमच्या जोडीतलं किंबर्ली. कंपनीला नाव त्या भावांचं लागलं, कंपनीत हिस्सा त्यांना कधीच मिळाला नाही. हे मुलांना जरूर सांगा.

शेताचे ३१ फूट लांब, ३१ फूट रुंद असे तुकडे पाडून वाटले गेले. वरचा थर पिवळा, मुरमासारखा, फावड्याला निघणारा. तो संपल्यावर निळसर कठीण दगड लागला. आपल्याकडे मुरूम संपून काळा पाषाण लागला की विहीर खोदणारा कपाळाला हात लावतो, तसंच तिथं झालं. हिरे संपले असं समजून कित्येकांनी तुकडे विकून टाकले. हिऱ्याचं मूळ घर तो निळा दगडच होता. पुढे त्याला किंबर्लाइट नाव पडलं. तो फोडायची त्यांची रीत मला फार आवडते. दगड खाणीबाहेर मोकळ्या मैदानावर पसरायचा, कित्येक महिने ऊनपाऊस खाऊ द्यायचा, वरून पाणी मारायचं आणि कुळवासारखे लोखंडी दाते फिरवायचे. उन्हाळ्यात आपण नांगरट तापायला सोडतो, अगदी तसं. ढेकळं फुटली की धुऊन हिरा वेगळा. १८९० च्या दशकात तिथं लक्षात आलं, की ग्रीस लावलेल्या फळीवरून हा ओला चुरा पाण्याबरोबर सोडला तर बाकी खडे वाहून जातात आणि हिरा चिकटून राहतो. आता क्ष-किरणांची यंत्रं आहेत. त्या किरणांखाली हिरा उजळतो आणि हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो.

त्या दोन खाणींतली एक म्हणजे किंबर्लीचा मोठा खड्डा. तो १९१४ मध्ये बंद झाला. तोवर त्यातून सव्वादोन कोटी टन माती-दगड निघाला आणि हिरे निघाले २,७२२ किलो. मी एकदा कागदावर भागाकार केला. टनाला एक गुंज येते. आपल्या सराफाच्या जुन्या काट्यातली, ९६ ची तोळा होते ती गुंज. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किती टन बसतात ते मुलांना ठाऊक असतं. त्यांना हे गणित घालून बघा.

आता एकट्या कंपनीची गोष्ट. सेसिल ऱ्होड्स नावाचा १८ वर्षांचा इंग्रज पोरगा १८७१ मध्येच किंबर्लीला आला. खड्डे खोल गेले तसं त्यांत पाणी साचू लागलं. ऱ्होड्सनं पाणी उपसायचे पंप आणले आणि उपशाचे पैसे घ्यायला लागला. त्या पैशांतून तो तुकड्याला तुकडा जोडत गेला. त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. हिरे फार निघत होते आणि ज्याला जमेल तो मिळेल त्या भावानं विकत होता, म्हणून भाव पडत होता. तूर एकदम मोंढ्यात आली की काय होतं ते केजच्या माणसाला मी काय सांगू? आपल्याकडे शेतकरी लाखो आहेत, त्यांची एक मूठ होत नाही. ऱ्होड्सनं ती मूठ विकत घेतली. १८८८ मध्ये डी बिअर्स कन्सॉलिडेटेड माइन्स उभी राहिली. शेजारच्या खाणीवर बार्नी बार्नाटोचा ताबा होता. ती पुरती गिळायला १८८९ मध्ये ५३ लाख ३८ हजार ६५० पौंडांचा एकच चेक फाडला. तिथून पुढे बाजारात किती हिरा सोडायचा हे एका टेबलावर ठरू लागलं.

आणि सर, त्या मुलीला हेही कळायला हवं, कारण तिला ते सगळ्यात लवकर समजेल. खाणीतले काळे मजूर करारावर येत. करार संपेपर्यंत कुंपण घातलेल्या आवारातच राहायचं, तिथंच खायचं, तिथंच झोपायचं. हिरा बाहेर भिरकावता येऊ नये म्हणून आवारावर तारेची जाळी ताणलेली. घरी जायच्या आधी काही दिवस वेगळं कोंडून ठेवत, गिळलेला हिरा पोटातून पडतो का ते बघायला. मी ऊसतोड्यांच्या टोळीत वाढलेल्या बायका पाहिल्या आहेत. उचल घेतली की हंगाम संपेपर्यंत फडावरून हलता येत नाही, पोरं कोप्यांत वाढतात किंवा गावाकडे आजीजवळ राहतात. तारेची जाळी आपल्याकडे नाही. पण घेतलेल्या पैशानं माणूस जागेला बांधला जातो, ते दोन्हीकडे आहे. माझ्या टेबलावर पांढऱ्या कागदावर जो माल ओतला जायचा त्याच्यामागे असे हात होते, हे मला नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी कळलं. त्यानंतर चिमटा धरताना ते मनातून गेलं नाही.

ऱ्होड्स १९०२ मध्ये वारला. १९२९ मध्ये कंपनीची सूत्रं अर्नेस्ट ओपनहायमर यांच्याकडे आली. जगात मंदी होती, हिरा कुणी घेत नव्हतं, तर १९३२ मध्ये त्यांनी खाणीच बंद केल्या. दुसऱ्यांच्या खाणींचा मालही आपणच विकत घ्यायचा, तिजोरीत ठेवायचा आणि मागणीच्या मापानं सोडायचा ही रीत त्यांनी पक्की केली. सायबेरियात हिरे सापडले तेव्हा रशियाचा मालही याच कंपनीमार्फत विकला जाऊ लागला. शीतयुद्ध चालू असताना! पेटीची ताकद ती हीच.

पण मला सगळ्यात जवळचा भाग बोट्सवानाचा वाटतो. १९६६ मध्ये तो देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथं डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर होता. दुष्काळी मुलूख, गुराढोरांवर जगणारी माणसं, वर कलहारीची वाळू. हिऱ्याची नळी, म्हणजे खोलातून वर आलेला किंबर्लाइटचा उभा खांब, या वाळूखाली दडलेली. ती शोधायला भूगर्भशास्त्रज्ञांना वाळवीची मदत झाली. वाळवी ओलाव्यासाठी खूप खोल जाते आणि तिथले बारीक कण वर आणून वारूळ बांधते. त्या कणांत किंबर्लाइटच्या सोबतीची खनिजं मिळतात. १९६७ मध्ये ओरापाची खाण सापडली, १९८२ मध्ये ज्वानेंग सुरू झाली. मालाच्या किमतीच्या हिशेबानं ज्वानेंग ही जगातली सगळ्यात श्रीमंत हिऱ्याची खाण गणली जाते. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारनं जमिनीखालची संपत्ती एकेका टोळीची न ठेवता देशाची केली. डी बिअर्सबरोबरच्या कंपनीत आधी १५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढे तो वाढवून निम्मा केला. त्या पैशांतून रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले. २०१३ मध्ये तर साइटच लंडनहून उठून बोट्सवानाच्या राजधानीत, गॅबोरोनला गेली. आमच्या मुंबईच्या शेठ लोकांना आता पेटी बघायला तिकडं जावं लागतं. ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी मी घरी येऊन शिरा केला होता. माझा त्या देशाशी काय संबंध? पण वडिलांना मोंढ्यात बाजूला उभं राहिलेलं पाहिलं होतं ना. बोट्सवानाच्या चलनाचं नाव पुला आहे आणि त्या शब्दाचा अर्थ पाऊस. मराठवाड्याच्या माणसाला याहून जास्त काय सांगायला हवं?

राहिलं इतकंच, की आता सगळे हिरे त्या एका कंपनीचे नाहीत. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाची अर्गाइल खाण त्या व्यवस्थेतून बाहेर पडली. तिचा बारीक, तपकिरी माल मी वर्षानुवर्षं निवडला आहे, आणि सुरतेचे हजारो कारागीर त्यावर शिकले. रशिया आणि कॅनडा आपापला माल विकू लागले. २००४ मध्ये कारखान्यात वापरायच्या हिऱ्यांचे भाव संगनमतानं ठरवल्याचा गुन्हा कंपनीनं अमेरिकेच्या कोर्टात कबूल केला आणि १ कोटी डॉलर दंड भरला. २०१२ पासून ८५ टक्के मालकी अँग्लो अमेरिकन कंपनीची आणि १५ टक्के बोट्सवाना सरकारची झाली. २०२४ मध्ये अँग्लोनं आपला हिस्सा सोडायचं जाहीर केलं.

प्रश्न : १९९९ मध्ये आम्ही लातूरच्या सराफ्यातून सात खड्यांची हिऱ्याची अंगठी घेतली. टीव्हीवर तेव्हा 'हीरा है सदा के लिए' लागायचं. यंदा मुलाच्या लग्नासाठी ती मोडायला नेली, तर सोन्याचे पैसे दिले आणि खड्यांचे जवळजवळ काहीच नाही. फसवलं का आम्हाला? सुनेला आता प्रयोगशाळेतला हिरा घ्यावा म्हणतात. – एक गृहिणी, औसा

उत्तर : ताई, खडे खोटे असतील असं मला वाटत नाही. राई-मोहरीएवढ्या हिऱ्याला मोडीत किंमत येत नाही, हा या धंद्याचा नियम आहे. सराफानं विकताना तो तुम्हाला सांगायला हवा होता. ते वाक्य १९४७ मध्ये अमेरिकेतल्या एका जाहिरात संस्थेत फ्रान्सेस गेरेटी या बाईंनी डी बिअर्ससाठी इंग्रजीत लिहिलं. त्यात व्यापाराचं मोठं शहाणपण होतं. घरोघरीचे जुने हिरे विकायला आले तर नव्याचा भाव कोसळेल. म्हणून हिरा म्हणजे प्रेम आणि प्रेम कुणी मोडीत काढत नाही, हे मनावर ठसवलं गेलं. सोनं आपण अडीनडीला गहाण ठेवतो, मोडतो. हिऱ्याच्या बाबतीत ते मनातच येऊ नये ही इच्छा होती.

प्रयोगशाळेतला हिरा खोटा नसतो. तोही शुद्ध कार्बन. नुसत्या आयग्लासानं तो मलाही ओळखता येत नाही, यंत्र लागतं. पण तो हवा तेवढा बनवता येतो, म्हणून त्याचा भाव काही वर्षांत फार खाली आला. डी बिअर्सनं स्वतः २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावानं असे दागिने कॅरेटला ८०० डॉलरनं विकायला काढले आणि २०२५ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुनेच्या हातात शोभेल म्हणून घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण पुढे मोडायच्या हिशेबानं कुठलाच छोटा हिरा घेऊ नका. बिलावर खडा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला हे लिहून घ्या. सोन्याचं वजन खड्यांचं वजन वजा करून लिहायला लावा. परत घेताना काय दर देणार, तेही त्याच कागदावर. एवढं लिहून द्यायला जो कां-कूं करेल, त्याच्या दुकानातून उठा. जुनी अंगठी मोडू नका. सुनेच्या मापाची करून द्या, फक्त घडणावळ लागेल.

प्रश्न : निजामाचा तो पेपरवेट हिरा आपल्या गोवळकोंड्याचाच ना? – एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. तो जेकब हिरा, १८४.७५ कॅरेटचा, म्हणजे तीन तोळ्यांहून थोडा जास्त. तो दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतला. सहाव्या निजामानं, महबूब अली खानांनी, १८९१ मध्ये जेकब नावाच्या व्यापाऱ्याशी त्याचा सौदा केला आणि तो कलकत्त्याच्या कोर्टापर्यंत गेला. सातव्या निजामाला, उस्मान अली खानांना, तो वडिलांच्या बुटात सापडला आणि त्यांनी कागदांवर ठेवला. १९९५ मध्ये निजामाचे दागिने भारत सरकारनं २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यात तोही आहे. गोवळकोंडा हा किल्ला आणि बाजार. खाणी कृष्णेच्या काठी, कोल्लूरसारख्या गावांत होत्या, आणि त्या तोवर संपत आल्या होत्या. ज्याच्या राज्याच्या नावानं जगात हिरा ओळखला जायचा त्यानंच आफ्रिकेचा हिरा विकत घेतला, हे मला नेहमी टोचतं.

प्रश्न : अंबड तालुक्यात आमच्या हिरीचं काम चालू आहे. खाली खडकात पोकळी लागली, आत चकाकणारे खडे. गावात बोभाटा झाला, हिरीत हिरा घावला म्हणून. आमचा पाहुणा आंध्रात कामाला होता. तो म्हणतो, तिकडं शेतात हिरे सापडतात. एक जण आलाय, म्हणतो पंधरा हजार द्या, तपासून आणतो. फोटो पाठवलाय. – एक शेतकरी, अंबड

उत्तर : भाऊ, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. पाहुण्यांचं म्हणणं खरं आहे. आंध्रात अनंतपूर, कर्नूलकडे पहिल्या पावसानंतर लोक शेतात हिरे हुडकतात आणि काहींना मिळतातही. तिथं वज्रकरूरला किंबर्लाइट आहे. आपली जमीन वेगळी. मराठवाड्याचा बहुतेक खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थिजताना आत हवेचे बुडबुडे राहिले. मागून झिरपलेल्या पाण्यानं त्या पोकळ्यांत खडे धरले. यालाच विहीर खोदणारे मांजऱ्या खडक म्हणतात आणि खड्यांना गारगोटी. हिरा दीडशे किलोमीटर खाली तयार होतो. त्याला वर आणणारी नळी आपल्या या काळ्या खडकात नाही.

फोटो छान आलाय. पंख्यासारखे पांढरट-गुलाबी दिसतात ते स्टिलबाइट. त्यांच्यावर काचेसारखे, टोकदार, चौकोनी खडे आहेत ते एपोफिलाइट. हिरा वाटतात ते हेच. घरी खात्री करा. पोलादी चाकूच्या टोकानं एका कोपऱ्याला ओरखडा काढा. उमटला तर हिरा नाही. उमटला नाही तर गार असेल, ती चाकूला दाद देत नाही. घणानं मात्र फोडून बघू नका. पुष्कळ लोक तसं करतात आणि हिराही घणाखाली फुटतो, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. अख्खा गुच्छ दगडासकट निघाला तर कापसात गुंडाळून ठेवा. असे खडे जमवणारे आणि संग्रहालयात मांडणारे लोक आहेत, आणि त्यांना तुटलेल्या खड्यांत रस नसतो. भाव सांगायला कुणी आलं तर पहिल्याच माणसाला हो म्हणू नका. दोघा-तिघांना दाखवा आणि तोवर दगड घरातच ठेवा.

आणि हिरीला पाणी किती फुटांवर लागलं, ते पत्रात लिहायचं राहिलंय तुमचं. तेवढं कळवा.